घटक ५ : आर्थर इव्हान्स – मिनोअन संस्कृतीचा शोध आणि तिची मांडणी

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• आर्थर इव्हान्स यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• मिनोअन संस्कृतीच्या उदयाचे आणि ऱ्हासाचे चित्र कोणत्या पुराव्यांवर उभे राहिले, हे स्पष्ट करता येईल.
• प्रत्यक्ष पुरावा आणि त्यावरून काढलेले अनुमान यांतील भेद ओळखता येईल.
• चरित्रनायकाचे कर्तृत्व आणि त्याच्या मर्यादा यांचा एकत्रित विचार करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे आपण मागील घटकात पाहिली. चरित्रनायकाविषयी आदर असावा, पण त्या आदराने सत्याची वाट अडवू नये, ही अपेक्षा तेथे मांडली होती. ती प्रत्यक्षात पाळणे किती अवघड असते, याचा अनुभव प्रस्तुत चरित्राच्या वाचनातून तुम्हाला येईल.

ग्रीसच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्रात, पूर्व-पश्चिम पसरलेले क्रीट हे लांबट बेट आहे. ग्रीक पुराणकथांमध्ये या बेटाला मोठे स्थान आहे. मिनोस नावाचा प्रतापी राजा, डेडॅलस या कारागिराने त्याच्यासाठी रचलेला चक्रव्यूह, त्यात कोंडलेला अर्धा मानव व अर्धा बैल असा मिनोटॉर, त्याच्या भक्ष्यासाठी अथेन्सहून पाठवली जाणारी सात मुले व सात मुली, आणि अखेर ॲरिआड्नेने दिलेल्या दोऱ्याच्या आधारे त्या राक्षसाला मारून बाहेर पडणारा थिसियस, ही कथा तुम्ही कदाचित ऐकली असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक विद्वान तिच्याकडे केवळ कल्पित कथा म्हणून पाहत होते. या कथेच्या भूमीत एक प्रगत ताम्रकांस्ययुगीन संस्कृती गाडली गेलेली आहे, हे जगासमोर आणण्याचे श्रेय आर्थर इव्हान्स यांना जाते.

परंतु इव्हान्स यांनी ही संस्कृती केवळ खणून काढली असे नाही. मिनोअन हे नाव त्यांच्यामुळेच रूढ झाले, तिचा कालानुक्रम त्यांनी ठरवला, तिच्या पडक्या भिंती त्यांनी पुन्हा उभारल्या आणि तिचा इतिहासही त्यांनीच लिहिला. म्हणून त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत जागा ठेवावा लागतो : त्यांना सापडलेले कोणते आणि त्यांनी घडवलेले कोणते?

५.३ विषय-विवेचन

५.३.१ जडणघडण

आर्थर जॉन इव्हान्स यांचा जन्म ८ जुलै १८५१ रोजी इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील नॅश मिल्स येथे झाला. वडील जॉन इव्हान्स हे कागदाच्या मोठ्या कारखान्याचे चालक होते. त्याचबरोबर प्राचीन नाणी आणि अश्मयुगीन हत्यारे यांचे नामांकित अभ्यासक म्हणूनही ते ओळखले जात. त्यामुळे दगडी कुऱ्हाडी आणि जुनी नाणी ही आर्थर यांच्या बालपणातील नित्याची सोबत होती. वयाच्या सातव्या वर्षात असताना त्यांची आई वारली.

वडिलांच्या घराने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे जुन्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी, आणि दुसरी म्हणजे पैसा. दुसरी गोष्ट गौण समजू नका. पुढे नॉससची टेकडी विकत घेणे, तेथे वर्षानुवर्षे मजूर लावणे आणि पडक्या दालनांवर छपरे चढवणे हे सारे त्यांना शक्य झाले, याचे मोठे कारण घराण्याची संपत्ती हेच होते. ज्याच्या पैशाने उत्खनन चालते, त्याच्या मताला उत्खननाच्या जागी आव्हान देणारे फार कोणी नसते, हेही येथेच लक्षात ठेवा.

हॅरो येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये आधुनिक इतिहासाचा अभ्यास केला. मात्र ग्रंथालयापेक्षा प्रवासाची ओढ त्यांना अधिक होती. १८७५ मध्ये ते आपल्या धाकट्या भावासह बोस्निया-हर्झगोव्हिना या ऑटोमन सत्तेखालील प्रदेशात पायी हिंडले. त्याच वेळी तेथे उठाव पेटला होता. या प्रवासाचे वर्णन त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि पुढे ते मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राचे बाल्कन प्रदेशातील वार्ताहर झाले. १८७८ मध्ये त्यांनी इतिहासकार एडवर्ड फ्रीमन यांची कन्या मार्गारेट यांच्याशी विवाह केला आणि हे दांपत्य एड्रिअ‍ॅटिक समुद्रकाठच्या रगुसा, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिक, या नगरात राहू लागले. स्थानिक बंडखोरांना सहानुभूती दाखवल्याच्या संशयावरून १८८२ मध्ये ऑस्ट्रियन शासनाने त्यांना अटक केली. काही आठवड्यांच्या तुरुंगवासानंतर त्यांना तो प्रदेश सोडावा लागला.

या काळातील इव्हान्स धाडसी, हट्टी, सत्तेला न जुमानणारे आणि आपल्या निष्कर्षावर ठाम राहणारे असे दिसतात. हे गुण पुढे उपयोगी पडले, आणि त्यांतील शेवटचा त्यांना नडलाही.

५.३.२ क्रीटची वाट

१८८४ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे प्रमुखपद इव्हान्स यांच्याकडे आले. दुर्लक्षामुळे कळाहीन झालेल्या त्या संग्रहालयाला त्यांनी पुरातत्त्वाच्या अभ्यासाचे केंद्र बनवले. त्यांना तीव्र ऱ्हस्वदृष्टी होती. दूरचे त्यांना नीट दिसत नसे; परंतु डोळ्यांजवळ धरलेल्या वस्तूवरील बारीकसारीक रेघही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. या नजरेमुळेच त्यांचे लक्ष ग्रीसमधून येणाऱ्या लहान कोरीव दगडी मुद्रांकडे वेधले गेले. त्यांवरील चिन्हे केवळ शोभेची नसून ती एखाद्या अज्ञात लिपीची असावीत, असे त्यांना वाटू लागले. या मुद्रांचा माग क्रीटकडे जात होता.

१८९३ मध्ये मार्गारेट यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. पुढच्या वर्षीच्या वसंतात इव्हान्स प्रथमच क्रीटला गेले. खेड्यापाड्यांतून हिंडताना त्यांना असे आढळले की, बाळंतिणी असे कोरीव दगड गळ्यात बांधतात आणि त्यांना दुधाचे दगड म्हणतात; ते अंगावर असले की दूध भरपूर येते, अशी त्यांची श्रद्धा होती. चार हजार वर्षांपूर्वीच्या मुद्रा लोकश्रद्धेने अशा रीतीने जपून ठेवल्या होत्या. इव्हान्स यांनी काही विकत घेतल्या. ज्या स्त्रियांनी दिल्या नाहीत, त्यांच्याकडील मुद्रांचे ठसे उतरवून घेतले.

हेराक्लिऑन शहराजवळची केफाला ही टेकडी त्यांनी पाहिली. येथे एका गोष्टीची स्पष्ट नोंद घ्यायला हवी. या टेकडीखाली प्राचीन नॉसस आहे, हे प्रथम इव्हान्स यांनी शोधले नाही. हेराक्लिऑनचे एक सुशिक्षित व्यापारी मिनोस कालोकैरिनोस यांनी १८७८ च्या अखेरीस तेथे खोदकाम केले होते आणि मोठमोठ्या रांजणांनी भरलेली कोठारे उजेडात आणली होती. सापडलेल्या वस्तू ऑटोमन राजधानीकडे नेल्या जातील या भीतीने क्रीटच्या प्रतिनिधींनी ते काम थांबवले. ट्रॉय आणि मायसीनी येथील उत्खननांमुळे कीर्ती पावलेले हाइन्रिख श्लीमान यांनीही ही टेकडी विकत घेण्याचा प्रयत्न केला, पण सौदा जमला नाही आणि १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. १८९८ च्या दंगलीत हेराक्लिऑनला आग लागली, तीत कालोकैरिनोस यांचा संग्रह नष्ट झाला. आज नॉससचे नाव निघाले की इव्हान्स आठवतात. मिनोस हेच नाव धारण करणारा हा पहिला उत्खनक मात्र क्वचितच कोणाला आठवतो.

इव्हान्स यांनी चिकाटीने टेकडीचा एक हिस्सा विकत घेतला. १८९८ मध्ये क्रीटला स्वायत्तता मिळाली आणि १९०० पर्यंत उर्वरित जमीनही त्यांच्या ताब्यात आली.

५.३.३ नॉससचे उत्खनन

२३ मार्च १९०० रोजी उत्खननाला प्रारंभ झाला. त्या वेळी इव्हान्स अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. उत्खननाचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना फारसा नव्हता. तो डंकन मॅकेन्झी या स्कॉटिश सहकाऱ्याला होता. मॅकेन्झी यांनी दररोज लिहिलेल्या नोंदवह्या आजही अभ्यासकांना मोलाच्या वाटतात. वास्तुरेखाटनाचे काम थिओडोर फाइफ यांच्याकडे होते. क्रीटमधील धार्मिक संघर्षाच्या जखमा ताज्या असतानाही इव्हान्स यांनी ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील मजूर जाणीवपूर्वक कामावर घेतले.

टेकडीच्या माथ्यापासून थोड्याच खोलीवर भिंती लागल्या. पहिला आठवडा संपता संपता अज्ञात लिपीतील मातीची पाटी मिळाली. हातात पात्र घेतलेल्या पुरुषाचे भित्तिचित्र एप्रिलच्या आरंभी सापडले. त्याच महिन्यात भिंतीलगत उभे असलेले दगडी आसन आणि त्याच्या बाजूंचे बाक असे एक दालन उघडे झाले. हे आसन प्रथम ॲरिआड्नेचे असावे, असे इव्हान्स यांना वाटले; पुढे ते राजा मिनोसचे सिंहासन मानले गेले. पुरावा मात्र एवढाच होता की, येथे एक दगडी आसन आहे. त्यावर कोण बसत असे, राजा, राणी की पुजारीण, हे आसन स्वतः सांगत नाही. अनुमानाचा आरंभ कोठे होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पुढील वर्षांत वास्तूचा आराखडा स्पष्ट होत गेला. मध्यभागी सुमारे ५० मीटर लांब व २५ मीटर रुंद चौक. पश्चिमेस कोठारांची रांग आणि तीत माणसाच्या उंचीचे रांजण. पूर्वेस अनेक मजल्यांना जोडणारा भव्य जिना. वरून उजेड आत आणणारे लहान चौक. सांडपाण्यासाठी बांधीव गटारे आणि भाजक्या मातीचे नळ. भिंतींवर धावत्या बैलाच्या पाठीवरून कोलांटी घेणारे तरुण रंगवलेले होते. दोन्ही हातांत साप धरलेल्या स्त्रीमूर्ती १९०३ मध्ये मिळाल्या. जागोजागी दुधारी कुऱ्हाडीचे चिन्ह कोरलेले होते. दालनांची ती गुंतागुंत पाहून चक्रव्यूहाची कथा याच वास्तूच्या स्मृतीतून जन्मली असावी, असे इव्हान्स यांना वाटले, आणि त्या कथेतील राजाच्या नावावरून त्यांनी या संस्कृतीला मिनोअन म्हटले. येथील लोक स्वतःला काय म्हणवत, हे त्या नावातून कळत नाही. ते नाव ग्रीकांच्या कथेतून आलेले आहे.

स्वयं-अध्ययनाचे प्रश्न – १
१. इव्हान्स यांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीचा त्यांच्या कार्याला कसा उपयोग झाला?
२. मिनोस कालोकैरिनोस यांचे कार्य कोणते? ते का थांबले?
३. दगडी आसनाच्या उदाहरणावरून पुरावा आणि अनुमान यांतील भेद स्पष्ट करा.

५.३.४ संस्कृतीच्या उदयाची मांडणी

इव्हान्स यांचे सर्वांत टिकाऊ कार्य कोणते, असे विचारले, तर अनेक अभ्यासक कालानुक्रमाकडे बोट दाखवतील. राजवाड्याखालच्या थरांत एकावर एक साचलेली खापरे त्यांनी व मॅकेन्झी यांनी वेगळी केली. मातीच्या भांड्यांचा आकार व नक्षी पिढ्यापिढ्यांनी बदलते. म्हणून खापरांचा क्रम हाच काळाचा क्रम ठरतो. या आधारे इव्हान्स यांनी मिनोअन संस्कृतीचे प्रारंभिक, मध्य आणि उत्तर असे तीन कालखंड केले आणि प्रत्येकाचे पुन्हा तीन भाग पाडले. इजिप्तमध्ये सापडलेली क्रीटची भांडी आणि क्रीटमध्ये सापडलेल्या इजिप्शियन वस्तू यांची सांगड घालून त्यांनी या कालखंडांना वर्षांचे आकडे दिले. दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, तरी ही चौकट आजही वापरात आहे.

तिच्या साहाय्याने उदयाची कहाणी अशी सांगता येते. नॉसस येथे नवाश्मयुगापासून, म्हणजे इ. स. पू. सुमारे ७००० पासून, शेतकऱ्यांची वस्ती होती. धान्य, ऑलिव्ह, द्राक्षे आणि मेंढ्यांची लोकर ही या बेटाची संपत्ती होती. कांसे बनवण्यासाठी लागणारे कथील मात्र येथे मिळत नव्हते. ते समुद्रापलीकडून आणावे लागे. या गरजेने क्रीटच्या नाविकांना दूरवर नेले. इ. स. पू. १९०० च्या सुमारास नॉसस, फैस्टॉस आणि मालिआ येथे राजवाडे उभे राहिले. तेथे धान्य, तेल व लोकर साठवली जाई, कारागिरांना काम मिळे, पूजाविधी होत आणि मालाच्या नोंदी ठेवण्यासाठी लिपी वापरली जाई. इ. स. पू. १७०० च्या सुमारास हे राजवाडे कोसळले; बहुधा भूकंपाने. लोकांनी ते अधिक वैभवाने पुन्हा बांधले. इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर नजराणे घेऊन आलेले क्रीटचे लोक रंगवलेले आहेत, ते या भरभराटीच्या काळातील.

इव्हान्स यांनी या चित्रात आणखी एक रंग भरला. नॉससला तटबंदी नाही, युद्धाची चित्रे थोडी आहेत, फुले, पक्षी आणि सागरी जीव मात्र विपुल आहेत. यावरून, बलाढ्य आरमाराच्या संरक्षणाखाली सुखाने नांदणारे एक शांतताप्रिय राज्य त्यांनी कल्पिले. बाल्कन प्रदेशातील कत्तली आणि क्रीटमधील रक्तपात ज्याने डोळ्यांनी पाहिला होता, त्याला असे राज्य भूतकाळात तरी सापडावेसे वाटले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. शिवाय जगातील सर्वांत मोठ्या आरमाराच्या देशाचे ते नागरिक होते. पुढील संशोधनात मात्र क्रीटमध्ये शस्त्रे, पहाऱ्याच्या चौक्या आणि संरक्षक भिंती यांचेही पुरावे पुढे आले. १९७९ च्या उत्खननांनंतर तर नरबळीची शक्यताही चर्चिली जाऊ लागली. शांततेचे ते निर्मळ चित्र आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाही.

५.३.५ काँक्रीटमधील राजवाडा

उत्खननाने एक व्यावहारिक संकट उभे केले. मूळ बांधकामात लाकडी खांब व तुळया होत्या. त्या केव्हाच जळून वा कुजून गेल्या होत्या. जिप्सम या मऊ दगडाच्या फरशा पावसाने विरघळू लागल्या. जिन्याचा भाग ढासळला. जे उघडे केले ते वाचवायचे तर आधार देणे भाग होते. प्रथम लाकूड वापरले, तेही कुजले. अखेर १९२० नंतरच्या दशकात इव्हान्स यांनी लोखंडी सळयांच्या काँक्रीटचा मार्ग पत्करला. वास्तुविशारद पीट द योंग यांच्या साहाय्याने खांब, मजले आणि दालने उभी राहिली. वर रुंद आणि खाली निमुळते होत जाणारे ते तांबडे खांब आज पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसतात, ते बहुतांशी विसाव्या शतकातील आहेत.

भित्तिचित्रांचेही तसेच झाले. हाताएवढ्या तुकड्यांवरून संपूर्ण चित्रे तयार करण्याचे काम एमिल जिलिएरॉन आणि त्यांचे त्याच नावाचे पुत्र या चित्रकारांनी केले. केशराची फुले वेचणारा निळा मुलगा म्हणून जे चित्र पूर्ण करण्यात आले, ते मुळात माकडाचे होते, हे नंतर लक्षात आले. लिलीच्या फुलांचा मुकुट घातलेला प्रसिद्ध राजपुरुष हा वेगवेगळ्या आकृतींचे तुकडे जुळवून झालेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

यावरून इव्हान्स यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण दुसरी बाजूही पाहा. आधार दिला नसता, तर तो जिना आज उभा नसता. सामान्य माणसाला पडक्या पायावरून राजवाड्याची कल्पना येत नाही. ती येथे येते. अडचण एवढीच की, एकदा काँक्रीट ओतले की अनुमान दगडाइतके घट्ट होते. ग्रंथातील वाक्य पुढच्या आवृत्तीत बदलता येते. बांधलेली भिंत बदलता येत नाही.

५.३.६ ऱ्हासाचे कोडे

२६ जून १९२६ च्या रात्री क्रीटला मोठा भूकंप झाला. इव्हान्स त्या वेळी नॉससजवळ बांधलेल्या आपल्या व्हिला ॲरिआड्ने या घरात होते. जमिनीखालून येणारा आवाज आणि हादरे त्यांनी स्वतः अनुभवले. मिनोअन राजवाड्यांच्या विनाशामागे भूकंपच होता, हे त्यांचे मत या अनुभवाने अधिक दृढ झाले. जुन्या राजवाड्यांपुरते ते मत आजही ग्राह्य मानले जाते. अंतिम ऱ्हासाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही.

इ. स. पू. १६०० च्या आसपास क्रीटच्या उत्तरेकडील थेरा बेटावरील ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. स्पिरिडॉन मारिनाटोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी १९३९ मध्ये या स्फोटाचा मिनोअन ऱ्हासाशी संबंध जोडला. परंतु क्रीटमधील बहुतेक केंद्रे जळून उद्ध्वस्त झाली ती इ. स. पू. १४५० च्या सुमारास. दोन घटनांत पिढ्यांचे अंतर असल्याने केवळ ज्वालामुखीने संस्कृती बुडाली असे म्हणता येत नाही. समुद्रकाठची गावे, जहाजे आणि व्यापार यांना बसलेल्या धक्क्याने ती दुबळी झाली असेल, इतकेच फार तर म्हणता येते. इ. स. पू. १४५० नंतर फैस्टॉस, मालिआ, झाक्रॉस ही केंद्रे पूर्वीच्या वैभवाने पुन्हा उभी राहिली नाहीत. नॉसस मात्र टिकले, आणि तेथील कारभार एका वेगळ्या लिपीत होऊ लागला. ऱ्हासाच्या कोड्याची एक महत्त्वाची किल्ली या लिपीत होती. ती इव्हान्स यांच्या हाती १९०० सालीच आली होती.

५.३.७ न वाचलेल्या पाट्या

नॉससच्या मातीच्या पाट्या आगीत भाजल्या गेल्यामुळे टिकल्या. जी आग राजवाड्याचा नाश करून गेली, तिनेच त्याचे दप्तर राखले. इव्हान्स यांनी क्रीटच्या लेखनाचे तीन प्रकार ओळखले : चित्रलिपी, रेखीय लिपी अ आणि रेखीय लिपी ब. हे वर्गीकरण आजही मान्य आहे. रेखीय लिपी ब मधील तीन हजारांहून अधिक पाट्या व तुकडे नॉसस येथे मिळाले. त्यांतील अंकपद्धती त्यांनी उलगडली आणि या पाट्या हिशेबाच्या नोंदी आहेत, हेही ओळखले.

परंतु या लिपीची भाषा मिनोअनच असली पाहिजे, ग्रीक असूच शकत नाही, असे त्यांनी धरून ठेवले. त्यांच्या मते ग्रीसच्या मुख्य भूमीवरील मायसीनियन संस्कृती ही क्रीटचीच शाखा होती. क्रीट देणारे आणि ग्रीस घेणारे. घोड्याच्या शिंगराचे चित्र असलेल्या एका पाटीवरील चिन्हे शिंगरू या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जुळतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी तो योगायोग म्हणून बाजूला सारला. ॲलन वेस आणि कार्ल ब्लेगेन यांनी मुख्य भूमीवरील पुराव्यांच्या आधारे, मायसीनी स्वतंत्र व प्रबळ होती, असे मांडले तेव्हा इव्हान्स यांनी त्यांना कडवा विरोध केला. १९२३ मध्ये वेस यांचे अथेन्स येथील ब्रिटिश संस्थेचे संचालकपद संपले; त्यामागे इव्हान्स यांच्या विरोधाचे वजन होते, असे अनेक अभ्यासक मानतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे बहुतेक पाट्या त्यांच्या हयातीत प्रसिद्धच झाल्या नाहीत. त्या स्वतः वाचाव्यात, ही त्यांची इच्छा होती. इतर संशोधकांना अनेक दशके मूठभर पाट्यांवर भागवावे लागले. ॲलिस कोबर या अमेरिकन विदुषीने अशा अपुऱ्या सामग्रीवरही शब्दांच्या बदलत्या अंत्यावयवांचा अभ्यास करून उलगड्याचा पाया घातला. पण उलगडा पाहण्यापूर्वी, १९५० मध्ये, त्यांचे निधन झाले. नॉससच्या पाट्यांचा मुख्य संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण वास्तुविशारदाने ती लिपी वाचून दाखवली. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३६ मध्ये, लंडनच्या एका प्रदर्शनात त्याने वृद्ध इव्हान्स यांच्याकडूनच या न वाचलेल्या लिपीविषयी ऐकले होते. भाषा ग्रीक निघाली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नॉससच्या अखेरच्या काळात तेथे ग्रीक भाषेत हिशेब ठेवले जात होते. म्हणजे सत्ता मुख्य भूमीवरून आलेल्यांच्या हाती गेली होती. ऱ्हासाच्या कहाणीत निसर्गाबरोबर परकीय सत्तेचेही एक पान होते, आणि ते इव्हान्स यांच्याच संग्रहात पडून होते. त्या पाट्यांवर मिनोसच्या पराक्रमाची गाथा नाही. सुमारे एक लाख मेंढ्या, लोकर, तेल, रथ आणि देवांना द्यावयाची नैवेद्ये यांच्या नोंदी आहेत. रेखीय लिपी अ, म्हणजे खऱ्या मिनोअन लोकांची भाषा, अद्याप वाचता आलेली नाही. सिंधू लिपीचे कोडे तुम्हाला येथे आठवेल. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील शोध १९२४ मध्ये जगाला कळवणारे जॉन मार्शल यांनी तरुणपणी क्रीटमधील उत्खननांत भाग घेतला होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

५.३.८ अखेरची वर्षे आणि मूल्यमापन

१९११ मध्ये इव्हान्स यांना सर ही पदवी मिळाली. १९२१ ते १९३५ या काळात त्यांनी नॉससच्या राजवाड्यावरील आपला चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२६ मध्ये त्यांनी नॉससची जमीन व घर अथेन्सच्या ब्रिटिश संस्थेला देऊन टाकले. डंकन मॅकेन्झी यांची प्रकृती ढासळली आणि १९२९ मध्ये त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्या नोंदींवर हा सारा डोलारा उभा आहे, त्या लिहिणारा माणूस १९३४ मध्ये वारला. इव्हान्स यांनी क्रीटचा अखेरचा निरोप १९३५ मध्ये घेतला. मे १९४१ मध्ये जर्मन सैन्याने क्रीटवर आक्रमण केले आणि त्याच वर्षी ११ जुलै रोजी, नव्वदावा वाढदिवस झाल्यावर तीनच दिवसांनी, ऑक्सफर्डजवळील आपल्या घरी इव्हान्स यांचे निधन झाले.

त्यांचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळा. त्यांनी इतिहास बनवला असे म्हणणे अन्यायाचे आहे. कारण भिंती, खापरे, मुद्रा आणि पाट्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्या चुका दाखवणारा पुरावाही बऱ्याच अंशी त्यांच्याच उत्खननातून आला. त्यांनी केवळ सत्य उजेडात आणले असे म्हणणेही भोळेपणाचे ठरेल. आपल्या प्रिय कल्पनेला बाधा आणणारा पुरावा हाती असूनही त्यांनी तो पाहिला नाही, आणि इतरांना पाहू देण्यास विलंब लावला. बारीक रेघ अचूक टिपणाऱ्या त्या नजरेची मर्यादा डोळ्यांत नव्हती, ती खात्रीत होती. चुकीचे अनुमान हा कोणत्याही संशोधनाचा अटळ भाग असतो. पुरावा सर्वांसाठी खुला असेल, तर पुढची पिढी ते सुधारते. तो बंद राहिला, तर चूकच इतिहास होऊन बसते.

स्वयं-अध्ययनाचे प्रश्न – २
१. खापरांच्या आधारे कालानुक्रम कसा ठरवला जातो?
२. काँक्रीटच्या पुनर्रचनेचे लाभ व तोटे सांगा.
३. रेखीय लिपी ब च्या उलगड्यामुळे मिनोअन ऱ्हासाविषयीच्या समजुतीत कोणता बदल झाला?

५.४ सारांश

आर्थर इव्हान्स (१८५१–१९४१) यांनी १९०० पासून नॉसस येथे उत्खनन करून मिनोअन संस्कृती प्रकाशात आणली आणि तिला नाव व कालानुक्रम दिला. इ. स. पू. १९०० च्या सुमारास राजवाड्यांच्या रूपाने बहरलेली ही संस्कृती भूकंप, ज्वालामुखी आणि परकीय सत्ता अशा अनेक आघातांनंतर लयाला गेली. शांतताप्रिय साम्राज्य, क्रीटचे ग्रीसवरील वर्चस्व आणि लिपीची भाषा यांविषयीची इव्हान्स यांची मते टिकली नाहीत. त्यांचे चरित्र शोधकाच्या चिकाटीचा आदर्श जसे दाखवते, तसेच अतिखात्रीचा धोकाही दाखवते.

५.५ शब्दार्थ

अनुमान – पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष
ऱ्हस्वदृष्टी – जवळचे स्पष्ट व दूरचे अस्पष्ट दिसणे
खापर – मातीच्या भांड्याचा तुकडा
दप्तर – राज्यकारभाराची कागदपत्रे वा नोंदी
कालानुक्रम – घटनांची काळानुसार मांडणी

५.६ स्वाध्याय व उपक्रम

१. इव्हान्स यांच्या स्वभावातील कोणते गुण त्यांच्या यशाला आणि कोणते त्यांच्या मर्यादांना कारणीभूत ठरले, ते सोदाहरण लिहा.
२. या घटकातील कोणतीही पाच विधाने निवडा. प्रत्येक विधान पुरावा आहे की अनुमान, ते कारणासह ठरवा.
३. तुमच्या परिसरातील एखादे जुने देऊळ, वाडा किंवा किल्ला पाहा. त्यातील मूळ बांधकाम कोणते आणि नंतरची दुरुस्ती कोणती, हे तेथील वयोवृद्धांना विचारून दोन पानांत लिहा. ऐकलेली माहिती आणि स्वतः पाहिलेली माहिती वेगवेगळी नोंदवा.